पिवळं

कच्चा घड रेकनं दिल्लीला जातो.
उरलेला माल माझ्या चेंबरात.
देठाशी हिरवट, पोटाला पिवळं : बऱ्हाणपूरला पोचेस्तोवर ठीक.
सगळंच पिवळं : उद्या भुसावळच्या हातगाड्यांवर.
सावद्यात सतरा वर्षं हेच करतो मी,
हात न लावता सांगतो, नुसत्या नजरेनं.

आणि टिचकीच्या डोळ्यातलं पिवळं
मला दिसलं चौथ्या दिवशी.

त्याआधी तिनं भाकर सोडली होती,
क्रेटांच्या मागं जाऊन ओकली होती.
मी म्हटलं, उंदीर बाधला असंल.
उंदीरच होता, पण पोटातला नव्हे.
केळी धुण्याच्या हौदामागं पाणी साचतं,
रात्री त्यात उंदीर मुततात,
आणि सगळा भादवा ती तिथंच पीत होती.

यावलहून स्कूटीवर डॉक्टर आल्या, नूरबानू तडवी.
ओठ वर करून म्हणाल्या, "हिरडी बघा, दादा."
मी पाहिली.
तो रंग मी पास केला असता.

"लेप्टो," म्हणाल्या.
मला वाटलं, टिश्यू कल्चरची नवी जात असंल.

घड तोलायच्या हुकाला सलाईन टांगली.
इंजेक्शनं. रक्त जळगावला.
"हातमोजे घाला. तिच्या मुतावर ब्लीचिंग. उघडा हात नको."
मग कुत्री सोडून त्या
हिरकणाबाईच्या भेगाळल्या टाचांकडेच बघत राहिल्या.
"मावशी, हौदात अनवाणी?"
"चप्पल घसरते ना वं माय."
"गमबूट घ्या. आणि ताप आला तर अंगावर काढू नका,
दवाखान्यात आधी कुत्रीचं सांगा."

दोन दिवस टिचकी मुतली नाही.
फोनवर आकडे आले किडनीचे.
डॉक्टर आकडा सांगून गप्प बसल्या,
मी पंख्याचा आवाज ऐकत बसलो.

तिसऱ्या रात्री अडीचला
ती उठली, लटपटली, सलाईनची नळी ताणली
आणि बसली. बसूनच राहिली.
चहाच्या रंगाचा ओघळ पार दारापर्यंत.
"मुतली! हिरकणाबाई, मुतली!"
मोजे चढवून, ब्लीचिंगचा डबा कवटाळून
आम्ही दोघं त्या ओघळाभोवती नाचलो असू,
त्यात पाय न घालता.

पुढं दोन आठवडे गोळ्या.
बट्टीच्या चुऱ्यात तूप घालून, आत गोळी.
बट्टी खायची, तूप चाटायची,
गोळी तेवढी माझ्या बुटावर.

शेटनं विचारलं, मुरूम कशाला आणला?
खड्डा बुजवायला, म्हटलं.
सलाईनचं विचारलं नाही, मीही बोललो नाही.

चेंबरच्या दारावर खडूनं मालाच्या तारखा असतात.
खाली लिहिलंय : टिचकी, लस. महिन्यानं परत. मग दर साली.

सकाळी दार उघडण्याआधी
तिची पापणी खाली ओढून बघतो.
कडेला अजून आहे जरा.
डॉक्टर म्हणाल्या, वेळ लागेल.
लागू दे, म्हटलं,
हा माल कुठंच पाठवायचा नाही.