उपयोगाचा रकाना

सिटी सर्व्हेत बत्तीस वर्षं
मी लोकांच्या भिंती कागदावर उतरवल्या.
कॅम्पातल्या त्या जांभ्या दगडाच्या चर्चचं कार्ड
(आई म्हणायची, त्यांचं देऊळ)
माझ्या हातून तीनदा गेलं.
तिन्ही वेळा उपयोगाच्या रकान्यात
आधीचा शब्द खोडून नवा लिहिला.

पहिला शब्द माझ्या जन्माआधीचा,
तिरप्या टाकाचा, तपकिरी पडलेला: प्रार्थना.
पलटणीतले गोरे बंदुका घेऊनच बसत आत,
म्हणून बाकांच्या पाठीला खाचा.
बाकं फरशीत बोल्टांनी जखडलेली.
देवासमोर कुणी जागा सरकवू नये,
एवढाच हेतू असावा.

मोठ्या लढाईत बाकं उपटली,
कांबळ्यांच्या गठ्ठ्यांना जागा हवी होती.
राहिली ती भोकं. अंगठा जाईल एवढी,
जोडीजोडीने, बावीस ओळी.

पुढे रेशनचं धान्य आलं.
वेदीच्या पायरीवर वजनकाटा.
गोदामाचा बसलिंगप्पा हुदली
हिशेब कन्नडात करी, शिव्या मराठीत देई.
भोकांत ज्वारी सांडते, नोंद कुठं करता? मी विचारलं.
म्हणाला, सांडतीया खरं,
मालकाचा वाटा म्हणून सोडा की ओ.
कुठला मालक, ते मी विचारलं नाही.

मधे एका वर्षी बाहेरच्या पाटीला कुणी डांबर फासलं.
दुसऱ्या रात्री दुसऱ्या कुणी, त्यावरच.
मला फक्त क्रमांक हवा होता.
नखाने खरवडून वाचला,
आकडे दोन्ही लिप्यांतले होते, दोन्ही काळे.

साहेबांच्या क्लबाने चार वर्षं बॅडमिंटन खेळलं.
रकान्यात मी लिहिलं, क्रीडा.
तुळईवर अडकलेली फुलं कुणी काढली नाहीत.

आणि मग वडगावच्या परशराम बुचडीचे माग, अठरा.
मागांचे पाय भोकांवर बसेनात,
त्याने बाभळीच्या पाचरी ठोकल्या.
उतरवून ठेवलेली घंटा उलटी करून
तीत सुताची कांजी भिजायची.
आवाज एवढा, की तो शेजाऱ्याशी
हातवाऱ्यांनीच बोलायचा,
घरी बायकोशीसुद्धा.
गुलाबी काठाच्या साड्या निघत तिथून,
माझ्या बहिणीच्या लग्नात एक होती.

आता मागही भंगारात गेलेत.
नवा साहेब आला, तिशीही न गाठलेला,
मुठीत मावेल असं लाल किरणाचं यंत्र.
जुनी अक्षरं त्याला लागेनात,
म्हणून पेन्शनीतून मला बोलावलं.
जागा रिकामीच ना काका?
रिकामी लिहू?

मी खाली बसलो, गुडघा वाजला.
एक पाचर उपटून रिफिलने भोक कोरलं.
वर गुलाबी धागा,
मग एक पीस, दांडी तेवढी उरलेली,
मग किड्याने पोखरलेला ज्वारीचा दाणा,
आणि तळाला लष्करी लोकरीचा काळा गोळा.
त्याखाली आणखी काही असेल.
रिफिल तेवढी लांब नव्हती.

तेवढ्यात एलीशेबाबाई हंचिनाळ दारात.
काखेत घडीची खुर्ची, पत्र्याची.
तिचा आजा इथला पंखेवाला.
त्या भिंतीत, ते बघा, दोरीचं भोक आहे.
बाहेर उकिडवा बसून
दर रविवारी आतला वारा ओढायचा.
आत बसलेला नव्हता कधी.
पाडणार म्हणं. तर जरा बसते.

तिसऱ्या ओळीच्या सुमाराला तिने खुर्ची उघडली.
एक पाय भोकात गेला, खुर्ची कलली.
ती उठली, वीतभर सरकवली, पुन्हा बसली.
समोर वेदी नव्हती,
मीटरचा डबा होता आणि कांजीचे ओघळ.
तिकडेच बघत राहिली.

साहेबाने यंत्र दाबलं.
आकडा आला, तो कपाळाला आठी घालून म्हणाला,
काका, कार्डावर लांबी जास्त आहे.

पुन्हा दाबलं. पुन्हा तेवढाच.
लाल ठिपका बाईच्या पाठीवर होता,
पदराच्या जरा वर,
आणि ती काही एवढ्यात उठणार नव्हती.