छाट

अक्काचं नाव सत्यवती.
पत्र्याचा साचा ठेवून आम्ही पान कापतो तसं
मुंबईतल्या कुणी त्याचं शेपूट कापलं,
रेकॉर्डवर उरली कुमारी सत्या.

त्याआधी ती साखर पेठेत
माझ्या उजव्या हाताला बसायची.
मांडीवर सूप, पायाशी ओल्या तरटात तेंदूची पानं,
दोरा ओठांत धरूनही गायची.
भिंतीपलीकडं चुलत्याचे माग, खटक-खट, खटक-खट.
त्यातला एक लंगडा,
दर तिसऱ्या ठोक्याला अडखळायचा.
त्या अडखळण्यात अक्का नेमकी मुरकी बसवायची.
चुलत्याला वाटायचं, माग सुधारला.

घरात तेलुगू, नळावर कन्नड,
कारखान्यात मराठी, वाण्याकडं दखनी.
चार भाषांत भांडणारी पोरगी
चार भाषांत गाणारच की.

गड्ड्याच्या जत्रेत, आकाशपाळण्याच्या कर्ण्यातून
पहिल्यांदा ऐकली तेव्हा ती कुणाची तरी विधवा होती.
पुढच्या संक्रांतीला क्लबात नाचणारी.
मग पाळणा हलवणारी आई,
आणि एकदा तर शाळा बुडवून पळालेला
नऊ वर्षांचा मुलगा.
अम्मा म्हणायची, लेकरू नाही पोटी,
अंगाई बघ कशी म्हणती.
क्लबातलं गाणं लागलं की अप्पा
विडी विझवून तरातरा निघून जायचे,
आणि बोळाच्या तोंडाशी थांबून
पुरतं ऐकायचे.

टॉकीजमध्ये बायका नटीची साडी बघायच्या.
मी डोळे मिटून
अक्का श्वास कुठं घेते ते धरायचे.
ओळीच्या आधी, बारीक, नाकातून,
दाताने दोरा तोडताना घ्यायची तसा.
गाणं नटीचं, रडणं नटीचं,
एवढा श्वास तेवढा आमच्या घरचा.

मनीऑर्डर वेळेवर यायची. पत्रं क्वचित.
एकात लिहिलं होतं:
काल दिवसभरात तीन जणींसाठी रडले.
रात्री ताप आला, तो माझा होता.

परत आली तेव्हा उन्हाळा होता,
पत्रे तापून कडाकडा वाजत होते.
एक ट्रंक, एक हातपंखा.
नवे आवाज आले म्हणाली, पातळ, उंच.
शेवटची सात गाणी तिनं गायली,
चित्रात एकही नाही.
छाट निघाली, म्हणाली, आणि हसली.
मला अर्थ सांगावा लागला नाही.
आमचा चेकर हजारातून शंभर विड्या
खराब म्हणून काढतो, मजुरी कापतो,
विड्या मात्र ठेवून घेतो.

गल्लीतल्या पोरी यायच्या,
अक्का, ते विधवेचं म्हणा. अक्का, ते क्लबाचं.
ती म्हणायची. घसा पानाच्या शिरेसारखा झालेला,
तरी विधवा विधवाच निघायची
आणि पोरगा पोरगाच.

पोरी गेल्यावर एकदा मी विचारलं,
अक्का, यातला तुझा कुठला गं?

ती बराच वेळ माझ्या हातांकडं बघत राहिली.
मग म्हणाली, काय करलालीस, किती सैल वळलालीस,
दे इकडं.
सूप ओढून घेतलं.
पंचविसाचा कट्टा बांधायला मोजू लागली,
ओकटी, रेंडू, मूडू,
खालच्या पट्टीत, खरखरीत, कुणासाठीच नाही.
हा आवाज मी कुठल्याच कर्ण्यातून ऐकला नव्हता.

पलीकडचे माग तोवर भंगारात गेले होते.
तिथं आता मोबाइलचं दुकान आहे.
पण दर तिसऱ्या आकड्याला
ती कणभर थांबत होती,
थांबून मग नालुगू.

त्या कट्ट्यात चोवीसच निघाल्या.
चेकरनं दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर
मला झापलं.
मी ऐकून घेतलं.