चारशे सतरा

सर्व्हर जिन्याखालच्या खोलीत आहे,
मोल्डिंगच्या वाळूचा पातळ थर अंगावर घेऊन.
दोन हजार नऊची खरेदी, चार जीबी रॅम,
कपाळाला हळदकुंकू.
दसऱ्याला लेथबरोबर त्याचीही पूजा होते.

"बसलाय बघा मॅडम," आप्पासो खोत म्हणाले,
"चलन उघडाय लावतो, मिसळ खाऊन येतो,
तरी ते चाक आपलं फिरतंय तिथंच."

उद्यमनगरात प्रत्येकाकडं औषध असतं.
कुणी म्हणालं, बंद करून चालू करा.
फिटर म्हणाला, कॉम्प्रेसरची हवा मारा.
मालकांचा पुतण्या म्हणाला, नवाच घेऊ,
आणि मालक त्याच्याकडं बघत राहिले
वडिलांच्या लेथवर हात ठेवून.

मी स्टूल ओढलं.
डिस्क म्हातारी, पण शुद्धीवर.
मेमरी भरलेली, ओसंडत नव्हती.
कामं मात्र सगळी एकाच दाराशी खोळंबलेली.
रेंगाळणाऱ्या प्रश्नांची नोंद चालू केली
आणि चहा सांगितला.

चहा यायच्या आत सापडलं.
कुणी कुठलंही पान उघडो,
चलन, हजेरी, भट्टीच्या कोकचा हिशोब,
त्याआधी एक प्रश्न विचारला जात होता:
पॅटर्न नंबर ४१७ परत आला का?
आणि त्या एका उत्तरासाठी
एकोणीस लाख नोंदी
पहिलीपासून शेवटपर्यंत
दर वेळी
हाताळल्या जात होत्या.
इंडेक्स नव्हता.
लिहिला तेव्हा नोंदी मूठभर असतील,
कुणाला जाणवलं नसेल.
वर इलाही मुजावरनं लिहून ठेवलेलं,
नोकरी सोडून पुण्याला जायच्या आधी:
खोत काकांनी सांगितलंय. काढू नये.

मी विचारलं.
खोत चष्मा पुसत राहिले, बराच वेळ.
"सागवानी होता. पंपाच्या बॉडीचा.
दिनकर सुताराच्या हातचा, शेवटचा.
महापुराच्या साली दुधाळीच्या एका शेडला दिलावता,
आठ दिवसांच्या बोलीवर.
शेडच ऱ्हायलं न्हाई."
मग खाली बघून,
"रजिस्टरला सही माझी हाय."

बाहेर कुणीतरी कास्टिंग घासत होतं.

एक ओळ पुसली असती तर काम झालं असतं.
बिल तेवढंच झालं असतं.
मी इंडेक्स बांधायला घेतला.
अकरा मिनिटं पंखा असा घरघरला
की फिटर दारात येऊन उभा राहिला,
हातात हवेचा पाइप, तयारीत.

मग पान उघडलं.
खोतांचा चष्मा अजून हातातच होता.
"काढलासा काय ते?"
"नाही. विचारतोय अजून. दर वेळी."
"मग?"
"नाहीच म्हणतोय, काका. पण लगेच."

"बरं," म्हणाले,
चष्मा चढवला,
आणि सकाळपासून अडलेलं चलन
एका बोटानं टाइप करू लागले.