बटाटे करपले त्या दिवशी

चार वाजता उठायचं. उठायचं म्हणजे
फळीवरून पाय खाली सोडायचे
आणि ओल्या बुटांत ते आपणहून शिरेपर्यंत थांबायचं.
कपडे अंगावरच असतात. तांडेलाचा हुकूम आहे:
जो स्वेटर काढून झोपेल
तो स्वेटरशिवाय पोहेल.
(पोहता आमच्यापैकी कुणालाच येत नाही.)

मग चूल. कोळसा दमट,
काडेपेटी रात्रभर छातीशी, म्हणून ती तरी कोरडी.
आधण येईपर्यंत एका हाताने किटली धरायची,
दुसऱ्याने स्वतःला.
सात कप. योआकिमला खडीसाखर, दातांत धरून चोखायला.
इंजिनवरच्या सोफसला काळी, कडू,
आणि आधी बोट बुडवून शिव्या द्यायला थोडा निवांतपणा.

मी सतरा वर्षांचा. कागदोपत्री अठरा.
सांदोय बेटावर, आमच्या घरी,
बटाटे सोलणं बहिणींकडे होतं.
आता मी बोटीच्या हेलकाव्यावर सोलतो,
साल इतकी पातळ की सुन्नेवाने पाहिली
तर तोंडात बोट घालेल.
चाकू मात्र माझा नाही. मिक्यालचा.
टोर्शाव्हनच्या धक्क्यावर उसना घेतला होता,
पुढच्या खेपेला देतो म्हणून.
तो ‘हेल्गा’वर आचारी. शाळेत माझी गणितं उतरवायचा, चुकांसकट.
‘हेल्गा’ मार्चमध्ये निघाली, ॲबर्डीनला पोचली नाही.

आमच्या पोटात आइसलंडचा कॉड, बर्फाच्या थरांत निजलेला.
दोन्ही कुशींवर बेटांचा झेंडा रंगवलाय, माणसाहून मोठा,
वरून बघणाऱ्याला कळावं की हे कोळी आहेत.
वरून बघणाऱ्याला
काय कळतं, ते वरून बघणाराच जाणे.

दुपारी दोन ते चार नाळेवर पहारा.
पहिल्याच पहाऱ्यात मी बेंबीच्या देठापासून ओरडलो, “सुरुंग!”
सगळे धावले. सोफस अर्ध्या दाढीने.
सुरुंगाने मिशा हलवल्या, आमच्याकडे जरा बघितलं
आणि बुडी मारून गेला.
तेव्हापासून माझं नाव सील.
सील, कॉफी. सील, दोर. सील, पाय पूस आधी.

म्हणून त्या दिवशी मी दोनदा पाहिलं.
मग तिसऱ्यांदा.
काळं, गोल, अंगभर शिंगं,
आणि माथ्यावर एक कुरव पक्षी, मान पंखात घालून.
माथा विष्ठेने पांढरा झालेला,
म्हणजे बिऱ्हाड बरंच जुनं.
लाटेवर तो वर जाई, आम्ही खाली;
आम्ही वर, तो खाली.
घशात शब्द होता. बाहेर यायला
त्याला लाज वाटत होती.

ओरडलो तेव्हा पन्नास हात राहिले होते.

बोट अशी कलली की सातही कप खुंट्यांवरून सुटले.
लांब जाऊन तांडेलाने योआकिमच्या हाती बंदूक दिली.
पहिल्या गोळीला पक्षी उठला.
दुसरी, तिसरी पाण्यात.
चौथीला कढईवर डाव आपटावा तसा आवाज,
बस, एवढंच.
त्यात पाणी शिरलं आणि ते सावकाश खाली गेलं.
आम्ही कानांत बोटं घालून कितीतरी वेळ उभे.
पक्षी त्या जागेवर घिरट्या घालत राहिला,
उतरायचा, उठायचा, पुन्हा उतरायचा.

वास पहिल्यांदा सोफसला आला.

जेवताना सुरुंगाचं नावही कुणी काढलं नाही.
बोलणं झालं ते बटाट्यांवर:
तळाशी कोळसा घातलास का, बायको करशील तेव्हा तिचं कसं होणार,
आणि हे इंग्रजांना विकता येईल का.
तांडेलाने खरवडून खाल्लं, ताट पुढे केलं.
“सील, अजून आहे का?”
होतं. वाढलं.
हात थरथरत होता, पण बोटीवर
सगळ्यांचेच हात हलत असतात.

रात्री दिवा लावायचा नाही.
अंधारात मी सुन्नेवाला दोन ओळी लिहिल्या,
एकमेकींवर चढल्या असतील:
इथे परवा एक सील दिसला. मिशा थेट मामासारख्या.

पातेलं वाळूने घासलं. मिक्यालच्या चाकूने खरवडलं.
तळ काही निघत नाही.
भिजत घातलंय,
चार वाजता बघू.