पत्र्यावरच्या पट्ट्या

कॅटलॉग आहे दुकानात, पण यास्ना तो उघडत नाही.
गिऱ्हाईक आलं की शिडी दाखवते.
वर, पाण्याच्या टाकीशेजारी,
एका भंगार पिकअपचं बॉनेट आडवं टाकलंय
आणि त्यावर सत्तेचाळीस पट्ट्या.
प्रत्येकीखाली मार्करनं तारीख, रोलचा नंबर, मीटरमागे भाव.

अँटोफगास्तात पावसाची चौकशी करायची नाही.
इथे ऊन आहे,
पहाटे समुद्रावरून चढणारं खारट धुकं आहे,
आणि खाणीच्या रस्त्यावरची धूळ, तिला दात आहेत.
नव्याचे नऊ दिवस इथे मोजून नऊच.

मी शिकाऊ.
पहिलं वर्ष नुसतं पुसण्यात गेलं:
दारांच्या कडा, रबराखालचं मेण,
रिव्हेटच्या मानेभोवतीचा मळ.
बोटाचा एक ठसा राहिला तरी
उन्हाळ्यात बुडबुडा होऊन वर येतो, चुगलखोर.

दुसऱ्या वर्षी तिनं दोन तुकडे हातात दिले.
डोळे मीट, म्हणाली, आणि ओढ.
एक विनाइल रुळांतून दाबून, ताणून काढलेलं.
दुसरं पातळ ओतलेलं, आपलं आपण वाळू दिलेलं.
"पहिल्याची आठवण पक्की.
खळगीत बसव, तापव, थोपट, आज ऐकेल.
पण कारखान्यातला आकार त्याच्या अंगात आहे.
रोज केसाएवढं माघारी निघतं.
वर्षानं बघ, कडेला गोंदाची काळी रेघ.
ओतलेल्याला माघारी जायला जागाच नाही.
ठेवशील तिथलं होतं."
मी विचारलं, मग माणसानं कुठलं असावं?
"माणसांचं मला विचारू नकोस. मी गाड्या करते."

काल ओर्लिंदा पास्तेन आली.
मेहियोनेसच्या वाटेवर व्हॅनमधून तळलेले मासे विकते,
हाताला तेलाचे डाग, कानात एकच डूल.
"छत तीन वर्षं, बाजू सात," यास्ना हिशेब मांडत होती,
"वर लॅमिनेट नसेल तर निम्मं धर.
आणि स्वस्तातलं घेतलंस तर निघताना
खालचा रंगही सोलून नेईल.
लावणावळीपेक्षा काढणावळ जड."
ओर्लिंदा ऐकत नव्हती.
बॉनेटवर वाकून तिनं एकोणिसाव्या पट्टीवर बोट ठेवलं.
"हा."

एकोणिसावी सहा वर्षांपूर्वी लाल होती.
सगळ्यात हलका रोल. कडा वळलेल्या, पोटात बारीक चिरा.
यास्ना ती दाखवते ती भीती घालण्यापुरती.
आता तिचा रंग
कलिंगडाचा सालीजवळ असतो ना, तो.
मी म्हटलं, "बाई, हा रंग मिळत नाही. हा होतो."
"माहीत आहे.
माझ्या बापाच्या होडीचा झाला होता."

यास्नानं चष्मा कपाळावर सारला.
मग दुपारभर आम्ही छापत बसलो,
उत्तम, ओतलेल्या, महागाच्या विनाइलवर
उडालेला रंग.
एक लिपस्टिकसारखा झाला, एक आजारी,
एक बरा वाटला, पण उन्हात नेल्यावर खोटा पडला.
अकरा नमुने वाया.
बाराव्यापाशी ओर्लिंदा बराच वेळ उभी राहिली,
मग विचारलं, "किती टिकेल?"
"असाच्या असा? बाजूला सात वर्षं."
"आमचा टिकला नव्हता," ती म्हणाली,
आणि आगाऊ पैसे मोजून दिले, चुरगळलेल्या, माशांचा वास येणाऱ्या नोटांत.

आज मी दाराची खळगी तापवली,
हातमोजा घालून अंगठ्यानं रंग आत नेला,
थंड होईपर्यंत तसाच धरून ठेवला.
शेजारच्या टायरवाल्यानं विचारलं,
नवीन लावताय की जुनं काढताय?

संध्याकाळी उरलेली पट्टी घेऊन यास्ना वर गेली.
अठ्ठेचाळीसावी. जागा शेवटी होती,
पण लावली तिनं एकोणिसावीला खेटून.
तारीख लिहिली, नंबर लिहिला.
भावापाशी मार्कर थोडा थांबला, मग टोपण बसलं.
उतरता उतरता म्हणाली,
"डावीकडचे दोन रिव्हेट उद्या परत तापव.
फुगतायत."