कर्ता ओळखा

चौतीस वर्षं मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठी शिकवली.
फळ्यावर वाक्य लिहायचं, खडू झटकायचा,
विचारायचं : कर्ता ओळखा.

अब्बांचं रजिस्टर माझ्याकडे आलं ते
गिरदावरीच्या दप्तरात, वाळल्या कडुलिंबाच्या पाल्यासकट.
छापील रकाने : सर्व्हे नंबर, कब्जेदार, आकार, शेरा.
पहिले तीन त्यांनी कोरे सोडले
आणि सगळा इतिहास शेऱ्यात लिहिला.

उर्दू बारीक, कचेरीच्या वळणाची.
मी ओळीखाली बोट धरून वाचतो
आणि मनातल्या मनात मराठी करत जातो.

आबान, तेराशे सत्तावन्न फसली.
'वेशीजवळच्या घरांना आग लागली.'
'चांदसाब पिंजारी मारला गेला, मुलासह.'
'खालच्या विहिरीचं पाणी
यापुढे प्यालं जाणार नाही.'

कोणी, ते नाही.
अब्बांना नावं ठाऊक होती.
त्या नावांना ते पुढे तीस वर्षं
बाजारच्या दिवशी रामराम करत राहिले.
एकाच्या पोरीच्या लग्नात पितळेची परात दिली,
तळाला आपलं नाव कोरून.
हरलेल्यानं इतिहास लिहायचा
तर सकाळी त्याच आडावर पाण्याला जायचं असतं.

चार पानं मागं, त्याच सालचा खुर्दाद :
'नाल्यापलीकडच्या वाडीला आग लागली.
अकरा घरं, कडब्याच्या गंजी, दोन बैल,
रुखमा नावाची एक म्हातारी.'

त्या रात्री मुख्तार चाचा खाकीत घरी आले
आणि हात राखेनं घासत बसले, राकेलचा वास जाईना,
हे अम्मीनं मला सांगितलं
ती जायच्या आदल्या वर्षी, भाकरी थापता थापता.
शेऱ्यात वास नाही.
तीच शाई, तेच क्रियापद.

लागली. लावली.
मराठीत एका अक्षराचं काम.
वर्गात विचारलं असतं तर
पोरं हात वर करून ओरडली असती :
'गुरुजी, कर्ता आग!'
आणि मी पैकीच्या पैकी दिले असते.

पेव उघडलं की आधी कंदील सोडतात खाली.
विझला तर माणसानं उतरायचं नाही.
सोपान तेल्यानं आम्हाला उतरवलं तेव्हा
कंदील लावायची सोय नव्हती, उजेड दिसला असता.
मी पाच वर्षांचा.
जुन्या ज्वारीचा आंबूस वास, अम्मीचा तळवा माझ्या तोंडावर,
वरून कोणीतरी पळत गेलं की माती गळायची.
रजिस्टरात :
'तीन रात्री पेवात काढण्यात आल्या.'
सोपानचंही नाव नाही.
त्यालाही त्याच गावात राहायचं होतं.

सतरा सप्टेंबरला मी दरवर्षी झेंड्याला सलाम केला,
मनापासून केला.
कोणी सक्ती केली नव्हती.
फक्त भाषणातलं 'आपण मुक्त झालो' ऐकताना
व्याकरणाचा मास्तर जागा व्हायचा
आणि त्या 'आपण'मध्ये आपल्याला जागा शोधत बसायचा,
जिलेबी वाटेपर्यंत.

आज पहाटे पेन्सिल घेतली. पेन नाही, पेन्सिल.
सुरुवात घरापासून.
खुर्दादच्या ओळीत 'लागली' खोडून 'लावली' केलं,
कब्जेदाराच्या कोऱ्या रकान्यात लिहिलं :
मुख्तार अहमद वल्द सय्यद इमाम, माझे चाचा,
जे मला खांद्यावर बसवून जत्रेला न्यायचे.
रकाना अपुरा पडला.

मग पानं उलटली. आबान.
वेशीजवळची घरं. पहिलं नाव.
टोक टेकवलं, एवढ्यात
दारात सायकल थांबली.
'गुरुजी, दूध!'
उद्धव. आजोबांचाच आवाज, तसाच भरडा.
'आज अर्धा लिटर जास्त टाकतो, म्हैस व्यालीय. खरवस आणतो उद्या.'

मी पेन्सिल कानावर ठेवली
आणि भांडं पुढं केलं.