मीटरपेट्या

दर दोन महिन्यांनी मी हा डोंगर चढते.
सोलच्या उत्तरेला, बस जिथे धापा टाकत वळते
तिथून पुढे दोनशे चौदा पायऱ्या,
मग गल्ली, मग गल्लीतली गल्ली,
मग दोन भिंतींमधली एक फट,
तिलाही पालिकेने नंबर दिलाय.
काम सोपं: जमिनीतलं झाकण उचलायचं,
आत हात घालायचा, आकडा वाचायचा.

थंडीत मीटर गोठून फुटू नये
म्हणून लोक पेटीत जुने कपडे कोंबतात.
एकोणीस वर्षं मी या वस्तीचे कपडे उपसतेय.
माणसं कमी भेटतात, कपडे भेटतात.
प्यो दल-सूच्या पेटीत आधी फौजेतलं जाकीट होतं,
मग बायको गेली त्या वर्षी लग्नातला कोट,
मग पोराचा गणवेश, बिल्ल्यासकट.
पंखे दुरुस्त करणाऱ्या मा थे-शिककडे नुसत्या चिंध्या,
पण घडी घातलेल्या.

वसंतात गल्लीच्या तोंडाशी फलक लागला,
‘मंजुरीबद्दल हार्दिक अभिनंदन!’
खाली बांधकाम कंपनीचं नाव.
अभिनंदन कुणाचं, ते लिहिलं नव्हतं.
मालकांना पस्तीस मजल्यांत कुठेतरी एक घर,
वर भरायचे पैसे वेगळे.
भाडेकरूंना टेम्पोचं भाडं
आणि तारीख.

दल-सू खूश होता.
“गुडघे, बाई,” म्हणाला, “तिथे लिफ्ट असेल.”
खरंच होतं त्याचं.
या पायऱ्यांवर प्रेम करायला
माझ्यासारखं दोन महिन्यांतून एकदा यावं लागतं.

मग एकेका दारावर लाल रंगात ‘रिकामं’.
लिहिणारा पोरगा विशीतला,
अक्षर मात्र सुरेख.
मी तसं म्हटलं, तर तो कानापर्यंत लाजला
आणि पुढचं दार त्याने जास्त सावकाश लिहिलं.

ऑगस्टमध्ये एकशे बारापैकी चाळीस मीटर थांबलेले.
ऑक्टोबरमध्ये नव्वद.
थांबलेलं मीटर वाचायला जास्त वेळ लागतो,
टॉर्च धरून बघत बसावं लागतं
की नक्की थांबलंय ना.
मांजरं मागे मागे येतात,
त्यांना वाटतं मी काहीतरी आणलंय.

डिसेंबरात सगळं शून्य.
एक सोडून.

गु सून-रे, वय अठ्ठ्याहत्तर, भाडेकरू,
सप्टेंबरातच सुनेकडे उईजंगबूला गेलेली.
दाराला साखळी, साखळीवर बर्फ,
आणि मीटरमधलं ताऱ्याएवढं चक्र फिरतंय,
अगदी हळू, झोपेत कूस बदलल्यासारखं.
खिडकीला कान लावला.
अख्ख्या वस्तीने घरांवर पाणी सोडलं,
हिने नळ सोडला होता,
दोऱ्याएवढी धार,
कडाक्यात पाइप फुटू नये म्हणून सोडतात तशी.
फेब्रुवारीत जे घर पाडणार
त्याचा पाइप.

पेटीत स्वेटर होता. जांभळा. कोरा.
गळ्याला दुकानाची चिठ्ठी तशीच.
म्हणजे ती आली होती,
दोन बस बदलून, दोनशे चौदा पायऱ्या,
आणि हा कुणी दिला असेल, सुनेने, वाढदिवसाला,
कुणास ठाऊक,
मला काय करायचंय.

माझ्या यंत्रात शेऱ्यांचे आकडे आहेत:
एक गळती, दोन कुलूप, तीन कुत्रा.
बराच वेळ अंगठा एकावर होता.
गळती दाखवली की माणूस येऊन नळ बंद करतो,
ते नियमात बसतं.

नव्या इमारतींतली मीटरं म्हणे आपला आकडा आपणच कळवतात.
पेटी नाही, झाकण नाही, चिंधी लागत नाही.
मलाही कार्यालयातून पत्र आलंय,
अजून नीट वाचलं नाही.

वापर: दोन युनिट. शेरा: काही नाही.
स्वेटर परत ठेवला,
बाह्या आत घेऊन, जसा होता तसा,
फक्त चिठ्ठी जरा वर काढली होती,
किंमत बघायला,
ती पुन्हा आत खोचली.